वरून वजन, खालून माप

२०२५च्या एप्रिल महिन्यात ‘नासा’च्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने एका नव्या यंत्राची माहिती जाहीर केली. नाव लांबलचक आहे: क्वांटम ग्रॅव्हिटी ग्रेडिओमीटर पाथफाइंडर. परमशून्याच्या अगदी जवळ नेऊन थंड केलेले रुबिडियमचे अणू अवकाशात मोकळे सोडायचे, ते कसे पडतात ते पाहायचं आणि त्यावरून खालच्या पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातले फरक टिपायचे, असा हा बेत. हे दशक संपता संपता ते कक्षेत जावं अशी योजना आहे. ही बातमी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर पारनेर तालुक्यातल्या विहिरी उभ्या राहिल्या.

मी नगरच्या एका महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवलं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण बोलताना तोंडात नगरच येतं. विद्यार्थ्यांना घेऊन पारनेर, पाथर्डी, संगमनेर तालुक्यांतल्या विहिरींची पाणीपातळी मोजणं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात आवडीचा भाग होता. पुढे गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या उपग्रहांची आकडेवारी हाती आली. ती कुणालाही मोफत मिळते. निवृत्तीनंतर मी तिच्यातच रमलो. एक काम पाचशे किलोमीटर उंचीवरचं, दुसरं कठड्यावर वाकून करायचं. दोन्हींनी मला जे शिकवलं ते इथे मांडतो.

१. पाण्याला वजन असतं, आणि ते आभाळातून कळतं.

एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. पावसाळ्यात मातीत, खडकात, तलावात पाणी साठलं की त्या मुलखाचं वस्तुमान वाढतं आणि त्याची ओढ कणभर वाढते. १७ मार्च २००२ रोजी रशियातल्या प्लेसेत्स्कहून ‘ग्रेस’ नावाचे दोन जुळे उपग्रह सोडले गेले. अमेरिका आणि जर्मनीची ही संयुक्त मोहीम होती. एकमेकांत सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून ते एकामागून एक फिरत. वाटेत जास्त वस्तुमानाचा प्रदेश आला की पुढचा उपग्रह आधी ओढला जाई आणि अंतर किंचित वाढे. मागचा तिथे पोचला की अंतर पुन्हा बदले. हे अंतर ते सूक्ष्मलहरींनी सतत मोजत, तेही मायक्रॉनपर्यंत. पृथ्वीचे फोटो काढायला त्यांच्यावर कॅमेरा नव्हता. त्यांच्यातलं अंतर हेच त्यांचं निरीक्षण.

याचा भारताला पहिला मोठा हिसका बसला २००९ साली. रॉडेल, वेलिकोन्या आणि फॅमिग्लिएटी या तिघांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या पट्ट्यातून ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात १०९ घनकिलोमीटर भूजल गेलं. त्या वर्षांत पाऊस काही तुटीचा नव्हता. पाणी उपशाने गेलं होतं. १०९ घनकिलोमीटर हा आकडा नुसता सांगितला तर वर्गात कुणी मान वर करत नाही. म्हणून मी फळ्यावर गणित मांडायचो. राहुरीजवळचं मुळा धरण भरलं की त्यात २६ टीएमसी पाणी असतं, म्हणजे जवळपास पाऊण घनकिलोमीटर. १०९ घनकिलोमीटर म्हणजे अशी सुमारे दीडशे मुळा धरणं, सहा वर्षांत रिकामी. आवर्तन सुटेल की नाही या चिंतेत ज्यांच्या घरच्यांची उन्हाळी पिकं उभी असतात, त्या मुलांना हे माप लगेच समजायचं.

२. विहिरीतली पातळी म्हणजे पाणी नव्हे.

हा धडा बाहेरच्या माणसाला पटवून द्यायला सर्वांत कठीण. आपला जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसला आहे. लाव्ह्याचे थरावर थर. कुठे घट्ट काळा फत्तर, कुठे सच्छिद्र मांजऱ्या खडक, दोन थरांच्या मध्ये कुठे तांबड्या मातीचा पट्टा, वर मुरूम. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्याच्या पोकळ्यांत आणि भेगांत. घट्ट फत्तर जवळजवळ कोरडाच. भूजलाचा अंदाज बांधताना झिजलेल्या बेसाल्टची पाणी देण्याची क्षमता साधारण दोन टक्के धरतात. पंजाबच्या गाळाच्या जमिनीत तीच दहा ते सोळा टक्क्यांपर्यंत असते.

आता हिशेब करा. पावसाळ्यात पारनेरातल्या विहिरीची पातळी सहा मीटरने चढली. गावात आनंद होणारच. पण त्या सहा मीटरच्या दोन टक्के म्हणजे प्रत्यक्षात बारा सेंटिमीटर पाणी. तेवढीच चढ गाळाच्या जमिनीत झाली असती तर साठ ते शहाण्णव सेंटिमीटर पाणी आलं असतं. म्हणूनच आपल्याकडच्या विहिरी ऑक्टोबरात काठोकाठ भरलेल्या दिसतात आणि मार्चमध्ये तळ दाखवतात. त्यात पाणी चोरीला जात नाही. मुळात होतंच तेवढं.

विहिरीचा टेप उंची सांगतो. गुरुत्वाकर्षण वस्तुमान सांगतं. एकाच चढ-उताराची ही दोन वेगळी उत्तरं आहेत, आणि त्यांचा भागाकार केला की खडकाची क्षमता हाती येते. दोन टक्के हा सरसकट आकडा आहे. पारनेरच्या पठारावरचा मांजऱ्या आणि प्रवरेकाठचा गाळ यांना एकच आकडा लावणं बरोबर नाही, हे प्रत्येक भूजलवाल्याला माहीत आहे. जागोजागचा खरा आकडा मिळवायचा तर वस्तुमान स्वतंत्रपणे मोजणारं काहीतरी लागतं. मला क्वांटम यंत्रांचं आकर्षण वाटतं ते इथे.

३. मोजायची खूण हलली की माप गेलं.

पाणीपातळी मोजायची जुनी पद्धत अगदी साधी आहे आणि मला ती फार प्रिय आहे. पोलादी टेपच्या शेवटच्या मीटरभर भागाला खडू घासायचा. कठड्यावर ऑइलपेंटने केलेल्या खुणेला टेप टेकवून तो आत सोडायचा. टोक पाण्यात गेलं असं वाटलं की पूर्ण मीटरचा आकडा खुणेवर धरायचा आणि टेप वर ओढायचा. खडू जिथवर भिजतो तिथवर तो गडद होतो, कडेची रेघ अगदी स्पष्ट दिसते. धरलेल्या आकड्यातून भिजलेली लांबी वजा केली की पातळी मिळते, सेंटिमीटरपर्यंत. मोटार चालू असेल तर ती बंद करून पाणी स्थिरावेपर्यंत थांबायचं. शेतकरी दादा तोवर चहा टाकतात.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट टेप नाही, खूण आहे. एका गावात विहिरीचा कठडा पडायला झाला म्हणून तो नव्याने दोन फूट उंच बांधला. काम चांगलंच झालं, पण जुनी खूण गेली. पुढच्या वर्षीच्या वहीत पातळी एकदम दोन फूट खोल गेलेली दिसते. कठड्याची हकिगत कुणी शेजारी लिहून ठेवली नसती तर वीस वर्षांनी कुणीतरी त्या आकड्यावरून भूजल घटल्याचा निष्कर्ष काढला असता.

गुरुत्वाकर्षणाच्या मोजमापात हाच नियम हजारपट कडक होतो. त्याचं एकक गॅल, गॅलिलिओच्या नावावरून. पृथ्वीची ओढ सुमारे ९७८ गॅल, म्हणजे जवळपास ९८ कोटी मायक्रोगॅल. खाली सगळीकडे एक मीटर जाडीचा पाण्याचा थर आला तर ही ओढ ४२ मायक्रोगॅलने वाढते. आणि यंत्र एक मीटर वर उचललं तर ती सुमारे ३०८ मायक्रोगॅलने घटते. घराची एक पायरी चढलात तर साठेक मायक्रोगॅलचा फरक पडतो, पायाखालच्या मीटरभर पाण्यापेक्षाही जास्त. तीन मिलिमीटरची चूक म्हणजे एक मायक्रोगॅल. दोन टक्क्यांच्या आपल्या खडकात विहीर मीटरभर चढली तर त्याचा सगळा परिणाम एका मायक्रोगॅलच्याही आतला असतो. जमिनीवरच्या उत्तम क्वांटम गुरुत्वमापकांची अचूकता आज याच घरात आहे. म्हणजे पंजाबात ठळक दिसेल ते पारनेरात जेमतेम दिसेल. ही आपल्या खडकाने घातलेली अट आहे.

यंत्र स्वतःच सरकत असेल तर काय? स्प्रिंगवर चालणाऱ्या जुन्या गुरुत्वमापकांची स्प्रिंग हळूहळू ताणत जाते आणि माप वाहवत जातं. अवकाशातही यातून सुटका नाही. २२ मे २०१८ रोजी गेलेल्या ग्रेस-फॉलोऑन या जोडीपैकी एका उपग्रहातला त्वरणमापक सुरुवातीच्या काळातच बिघडल्यासारखा वागू लागला. जोडीदाराचं माप त्याला उसनं देऊन शास्त्रज्ञ काम चालवतात, आणि फार कौशल्याने चालवतात. रुबिडियमच्या अणूचं तसं नाही. तो झिजत नाही, ताणत नाही. नगरमधला अणू आणि कक्षेतला अणू तंतोतंत सारखा, आजचा आणि पन्नास वर्षांनंतरचाही सारखा. कुणी कठडा नव्याने बांधला तरी न हलणारी खूण म्हणजे हा अणू. नव्या यंत्राच्या संवेदनक्षमतेबद्दल खूप लिहिलं जातं. मला त्याहून मोलाचा वाटतो तो हा स्थिरपणा, कारण भूजलाचा प्रश्न एका पिढीत मोजून संपणारा नाही.

४. अणू पडतो कसा, हे समजून घ्यायला पदवी लागत नाही.

शेतकरी मेळाव्यात मी हे सांगितलेलं आहे आणि लोकांनी मन लावून ऐकलं आहे. वायूतले अणू एरवी गोळीच्या वेगाने इकडेतिकडे धावतात. त्यांच्यावर सगळ्या बाजूंनी विशिष्ट रंगाचा लेसर सोडला की प्रत्येक प्रकाशकण त्यांना उलट्या दिशेने छोटासा धक्का देतो आणि ते मंदावतात. अणू मंदावणं म्हणजेच थंड होणं. पुरेसे थंड झाले की ते कणासारखे कमी आणि लहरीसारखे जास्त वागू लागतात. १९२४ साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनना पाठवलेल्या निबंधातून जो विचार पुढे गेला, त्याने सांगितलेली अवस्था १९९५ साली रुबिडियमच्याच अणूंनी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष दाखवली.

अशा थंड अणूंना सोडून द्यायचं आणि पडता पडता त्यांच्यावर लेसरचे अचूक झोत मारायचे. पहिल्या झोताने प्रत्येक अणूची लहर दोन वाटांनी निघते, मधला झोत त्या वाटा पुन्हा एकमेकींकडे वळवतो, शेवटचा त्यांना भेटवतो. विहिरीच्या शांत पाण्यात दोन टोकांना दोन खडे टाकले तर लहरी जिथे भेटतात तिथे कुठे पाणी उंच उठतं, कुठे सपाट राहतं. अणूंच्या दोन वाटा भेटतात तेव्हाही तसंच घडतं. किती अणू कोणत्या अवस्थेत सापडले ते मोजलं की वाटेत ओढ किती होती ते कळतं. १९९१ साली स्टॅनफर्डमध्ये मार्क कासेविच आणि स्टीव्हन चू यांनी हा मार्ग दाखवला. १९९९ साली चू यांच्याच गटाने अणू पाडून पृथ्वीची ओढ इतक्या बारकाईने मोजली की काचेची वस्तू पाडून मोजणाऱ्या उत्तम यंत्राशी ती जुळली.

मग अवकाशात कशाला जायचं? एका कारणासाठी: वेळ. जमिनीवर सोडलेला अणू एका सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येतो, म्हणजे जास्त वेळ हवा तर उंच मनोराच बांधावा लागतो. कक्षेत यंत्र आणि अणू दोघंही एकत्रच पडत असतात. अणू यंत्रातल्या यंत्रात तरंगत राहतो, त्याच्याकडे बराच वेळ बघता येतं. आणि या पद्धतीची संवेदनक्षमता वेळेच्या वर्गाने वाढते. वेळ दहापट झाला की माप शंभरपट बारीक.

हे नुसतं कागदावरचं राहिलेलं नाही. ग्रेस-फॉलोऑन उडालं त्याच्या आदल्याच दिवशी, २१ मे २०१८ला, कोल्ड अॅटम लॅब ही प्रयोगपेटी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे निघाली. अणूंच्या लहरी भेटवण्याचा प्रयोग तिने कक्षेत करून दाखवला आणि त्यातून स्थानकाचे हादरेही टिपले. त्याचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. एका बाजूला जुनी, सिद्ध झालेली पद्धत, दुसऱ्या बाजूला तिची होणारी वारसदार, आणि दोघींचं उड्डाण लागोपाठच्या दिवशी. मला ही तारीख पाठ आहे.

५. एकापेक्षा दोन ढग बरे.

उपग्रह थरथरतो. त्यातला अणूंचा एकच ढग पाहिला तर थरथर कोणती आणि पृथ्वीची ओढ कोणती हे वेगळं करता येत नाही. म्हणून नव्या यंत्रात अणूंचे दोन ढग काही अंतरावर एकाच वेळी सोडतात आणि त्यांच्या पडण्यातला फरक घेतात. थरथर दोघांना सारखीच, ती वजाबाकीत जाते. उरतो तो ओढीतला चढ-उतार. हे सगळं सुमारे पाव घनमीटर जागेत आणि सव्वाशे किलो वजनात बसवायचं आहे. जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या म्हणण्याप्रमाणे असं यंत्र जुन्या पद्धतीच्या यंत्रांपेक्षा दहापटीपर्यंत संवेदनक्षम होऊ शकतं. युरोपातही ‘कॅरिओका’ नावाने अशाच पूर्वतयारीच्या मोहिमेवर काम चालू आहे.

६. राज्यातला सर्वांत मोठा जिल्हासुद्धा वरून लहान दिसतो.

“सर, आमची हीर दिसती का त्यात?” ग्रेसबद्दल बोललो की हा प्रश्न ठरलेला. विचारणारे आबा सत्तरीच्या पुढचे, त्यांना अर्धवट उत्तर देणं मला कधीच पटलं नाही. “नाही आबा. तुमची विहीर नाही, तुमचं गाव नाही, आपला अख्खा जिल्हाही वेगळा दिसत नाही,” हेच मी सांगत आलो.

कारण उंची. जितक्या उंचीवरून ओढ जोखाल तितकी ती खालच्या मुलखात पसरट होते. ग्रेसच्या पद्धतीला नीट दिसणारा तुकडा साधारण दीड लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे जवळपास अर्धा महाराष्ट्र. आपला जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटर. मुळा धरण काठोकाठ भरलं तर ते पाणी जिल्हाभर पसरल्यावर सुमारे ४३ मिलिमीटरचा थर होईल. त्याच पाण्याला दीड लाख चौरस किलोमीटरवर पसरलं तर थर जेमतेम पाच मिलिमीटरचा. ग्रेसच्या महिन्याच्या मापातली अनिश्चितता एक-दोन सेंटिमीटरची. म्हणजे भरलेलं मुळा धरण त्यात हरवून जातं.

खाली उतरून उडायचं म्हटलं तर विरळ हवा अडवते. युरोपच्या ‘गोचे’ उपग्रहाने २००९ ते २०१३ या काळात सुमारे २५५ किलोमीटरवरून, हवेच्या अवरोधाशी झुंजण्यासाठी सतत इंजिन चालवत पृथ्वीच्या ओढीचा फार सुंदर नकाशा काढला. इंधन संपलं आणि तो जळून गेला. क्वांटम यंत्रं आल्यावर तुकडा लहान होईल अशी आशा आहे, आणि मलाही ती आहे. गोदावरीच्या वरच्या खोऱ्याचा हिशेब कृष्णेच्या खोऱ्यापासून वेगळा काढता आला तरी आपल्यासाठी ती फार मोठी मजल असेल. पण गावाची विहीर वरून मोजून मिळेल असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

७. बेरीज वरून मिळते, फोड खालीच करावी लागते.

उपग्रहाला एकच आकडा कळतो: या महिन्यात या मुलखाचं वस्तुमान मागच्या महिन्यापेक्षा किती बदललं. त्यात धरणाचं पाणी, मातीचा ओलावा, नदीचा पूर, उभ्या पिकातलं पाणी आणि भूजल, सगळं एकत्र. वरच्या हवेचं वजनही आधी वजा करावं लागतं. भूजल हवं असेल तर बाकीचं एकेक करून काढून टाकावं लागतं.

आणि आपल्या जिल्ह्यात बाकीचं म्हणजे थोडकं नाही. पश्चिमेला अकोले तालुका, कळसूबाईचं शिखर, भंडारदऱ्याचं धरण. घाटघर-रतनवाडीला काही वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पूर्वेला पाथर्डीत पाचशे-सहाशे मिलिमीटर झाला की वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. मध्ये प्रवरेचा उसाचा पट्टा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला लोणीचा सहकारी साखर कारखाना तिथे १९५० पासून ऊस गाळतो आहे. नेवासे-शेवगावच्या कडेला जायकवाडीचा फुगवटा, पूर्ण भरल्यावर १०२ टीएमसी. हे एकटंच पाणी दीड लाख चौरस किलोमीटरवर सुमारे दोन सेंटिमीटर भरतं. म्हणजे जायकवाडी भरलं की उपग्रहाला वाटणार मुलूख सुधारला, आणि त्याच वेळी पाथर्डीत टँकर चालू असू शकतो.

ही फोड करणारे आकडे जमिनीवरच मिळतात. धरणांचा साठा जलसंपदा विभाग रोज मोजतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजल्या जातात, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. त्यांतल्या ऑक्टोबर आणि मेच्या नोंदी मिळून वर्षाचा पूर्ण झोका दिसतो. आभाळातलं यंत्र जितकं बारीक होत जाईल तितक्या या नोंदी जास्त लागतील, कमी नाही. तुकडा लहान झाला की एका विहिरीच्या चुकीचा वाटा वाढतो. उपग्रह आला म्हणून विहिरी मोजणं बंद करायचा विचार कुठे निघाला तर त्याला आपण सगळ्यांनी विरोध केला पाहिजे, इतकं मला हे महत्त्वाचं वाटतं.

८. हे यंत्र पाणाड्या नव्हे.

बोअर कुठे घ्यायचं ते यातून कळेल का, हाही प्रश्न येतो. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या गटाने २०२२ साली जमिनीवरच्या क्वांटम यंत्राने रस्त्याखालचा सुमारे दोन मीटर रुंद बोगदा शोधला, त्यामुळे लोकांची अपेक्षा वाढली आहे. पण बोगदा ही सबंध पोकळी. आपल्या बेसाल्टमधली पाण्याची भेग बोटभर, कधी त्याहून बारीक. तिची ओढ कुठल्याही यंत्राच्या टप्प्यात नाही. बोअरच्या जागेवर पैसे लावण्याआधी शेजारच्या विहिरीत कोणत्या खोलीला मांजऱ्या लागला ते विचारा. ते अधिक उपयोगी पडेल.

९. आकडा गावाने ऐकला तरच त्याचं पाणी होतं.

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार याची मला सगळ्यात स्वच्छ साक्ष देतं. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. समतल चर, नाला बांध, पाझर तलाव, कुऱ्हाडबंदी ही कामं तिथे झाली, तशी ती राळेगण सिद्धीत आणि संगमनेरच्या दरेवाडीतही झाली आणि तीही थोर कामं आहेत. हिवरे बाजारची वेगळी गोष्ट म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पाऊस गावातच मोजायचा, पावसाळा संपला की विहिरी मोजायच्या, पिण्याचं पाणी आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला ठेवायचं, आणि उरलेल्यावर रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. पाणी कमी असेल तर जास्त पाण्याचं पीक नाही. शेतीसाठी बोअर नाही. ऊस नाही, केळी नाही. ज्या जिल्ह्याने सहकारी साखर कारखानदारीला जन्म दिला त्याच जिल्ह्यातल्या गावाने हे ठरवलं आणि वर्षानुवर्षं पाळलं.

पंजाबचा २००९ चा आकडा जगभर गाजला. तो ऐकून गावं बसली आणि पेरणी बदलली असं तिथे झालं नाही, कारण तो आकडा तीन राज्यांचा होता आणि गावाच्या हातात काही नव्हतं. हिवरे बाजारचा आकडा गावाचा होता. अवकाशातल्या मापाची किंमत मी तसूभरही कमी करत नाही. खोऱ्यातल्या शंभर गावांनी आपापला ताळेबंद मांडला आणि तो खरा आहे की कागदी, हे तपासायचं झालं तर बेरीज पडताळणारा त्रयस्थ साक्षीदार आभाळातच असणार. गावांच्या वह्यांची बेरीज आणि उपग्रहाचं वजन जुळलं तर वह्या खऱ्या. नाही जुळलं तर कुठेतरी उपसा लपला आहे. दोन गावांच्या आणि दोन जिल्ह्यांच्या पाण्याच्या भांडणात नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असे सूर दरवर्षी निघतात. त्या भांडणात कुणाच्याच बाजूचा नसलेला आकडा हवा आहे.

१०. यंत्र येईपर्यंत थांबायचं नाही.

पाथफाइंडर ही तंत्राची परीक्षा आहे, भूजलाचे नकाशे देणारी मोहीम नव्हे. त्या मोहिमा त्यानंतर. तोपर्यंत ग्रेस-फॉलोऑन आणि तिच्यामागून यायची जुन्याच पद्धतीची जोडी काम करत राहील. आपल्याकडेही पाया घातला जातो आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने सुमारे सहा हजार कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. तिच्यातलं क्वांटम संवेदन आणि मापनाचं केंद्र पवईच्या आयआयटी मुंबईत आहे. पुण्याच्या आयसरमध्ये अतिथंड अणूंवर काम चालतं, नगरहून एसटीने तीन-चार तासांवर. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी भौतिकशास्त्र घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनी हे दार ठोठावावं असं मला मनापासून वाटतं. आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात पाण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी या मुलांशी बोलावं. अणू थंड करणाऱ्याला मांजऱ्या खडक माहीत नसतो आणि मांजऱ्या माहीत असलेल्याला अणूंच्या लहरी. दोघांची गाठ पडली तर नगरच्या खडकाचा खरा आकडा निघेल.

शाळेत किंवा ग्रामपंचायतीत या ऑक्टोबरात विहीर मोजायला सुरुवात करणार असाल तर वहीच्या प्रत्येक ओळीत एवढं लिहा: तारीख आणि वेळ, विहिरीचा गट क्रमांक, खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली सेंटिमीटरपर्यंत, खूण जमिनीपासून किती उंच आहे ते, मोटार किती वेळ बंद होती ते, आणि मोजणाऱ्याचं नाव. कठडा बांधला, विहीर खोल केली किंवा आडवं बोअर मारलं तर त्याच दिवशी त्याची नोंद करा. खूण रंगवताना ती कठड्याच्या वरच्या थरावर न करता खालच्या, जुन्या दगडावर करा. वरचा थर कधी ना कधी बदलला जातोच.